वणवा किती तापला, किती थांबला आणि किती वर्षांनी परत आला

वणव्याच्या प्रसारावर संशोधन सुरू करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तीन प्रश्न विचारले आहेत; हे उत्तर तिलाच उद्देशून आहे. संगणकावरील प्रारूप आगीचा जो वेग सांगते तो प्रत्यक्ष नोंदीच्या कधी निम्मा असतो, तर कधी दुप्पट. मग चूक नेमकी कुठे होते? एक शोधनिबंध वणव्याने जंगल उद्ध्वस्त झाल्याचे सांगतो आणि दुसरा त्याच जंगलाला वणव्याची गरज असल्याचे. यांतले खरे काय मानावे? आणि शेवटी, व्यवस्थापनाने आग विझवावी की स्वतः लावावी?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ आहे, असे माझे मत आहे. ‘आग मोठी होती’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात किमान चार निराळ्या गोष्टींची मोट बांधलेली असते: आग किती वेगाने पुढे सरकली, तिच्या आघाडीवर दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडली, एका जागी तिचा मुक्काम किती वेळ होता, आणि त्याच जागी याआधीची आग किती वर्षांपूर्वी येऊन गेली होती. विझवणाऱ्या माणसाला पहिल्या दोन गोष्टींशी कर्तव्य असते, मातीला आणि मुळांना तिसरीशी, तर पुढच्या पन्नास वर्षांत तिथे कोणती झाडे उभी राहतील हे बरेचसे चौथीवर ठरते. बातम्या आणि वार्षिक अहवाल ज्यावर उभे असतात, ते जळालेले क्षेत्रफळ या चारांपैकी एकही गोष्ट सांगत नाही.

आघाडीची तीव्रता, म्हणजे तिथे दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता, मोजण्याचे सूत्र अमेरिकी संशोधक जॉर्ज बायरम यांनी 1959 मध्ये मांडले आणि ते आजही वापरात आहे. इंधनाचे उष्णतामूल्य, दर चौरस मीटरमागे प्रत्यक्ष जळालेले इंधन आणि आगीचा वेग यांचा तो साधा गुणाकार आहे. वनस्पतिजन्य इंधनाच्या दर किलोमागे सुमारे 18,000 किलोज्यूल उष्णता धरण्याची पद्धत आहे. आता दोन आगींचा हिशेब मांडून पाहा. वाळलेल्या गवताच्या माळावर दर चौरस मीटरला 0.4 किलो गवत आहे आणि आग सेकंदाला दीड मीटर पळते आहे. तिची तीव्रता आघाडीच्या दर मीटरला 10,800 किलोवॅट होते आणि ज्वाळा साडेपाच मीटरच्या घरात जातात. दुसरीकडे दाट झाडीखाली पालापाचोळ्यातून आग सेकंदाला एक सेंटिमीटर या गतीने रांगते आहे आणि तिथे दर चौरस मीटरला 0.8 किलो इंधन जळते आहे. तिची तीव्रता केवळ 144 किलोवॅट भरते आणि ज्वाळा गुडघ्याच्या थोड्या वर येतात. पहिल्या आगीसमोर कोणी उभे राहू शकत नाही, दुसरी माणसे फावड्याने आवरतात. पण दर चौरस मीटर जमिनीवर सुटलेली एकूण उष्णता मोजली तर रांगणाऱ्या आगीने पळणाऱ्या आगीच्या दुप्पट उष्णता सोडलेली असते, आणि आघाडी पुढे गेल्यावर मागे धुमसत राहणारे कुजके ओंडके या हिशेबात अजून धरलेलेच नाहीत. तीव्रता आणि आघात (म्हणजे माती-झाडांवर झालेला परिणाम) हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की शोधनिबंध परस्परविरोधी दिसू लागतात, त्याचे मूळ इथे आहे.

विझवण्याच्या दृष्टीने तीव्रतेचे काही आकडे पाठ असलेले बरे. सुमारे 350 किलोवॅट प्रति मीटर, म्हणजे 1.2 मीटर लांबीच्या ज्वाळा, इथपर्यंत हातातल्या अवजारांनी आघाडीवर थेट काम करता येते. सुमारे 1,700 किलोवॅट आणि 2.4 मीटरपर्यंत बुलडोझर, पाण्याचे बंब आणि विमाने उपयोगी पडतात. त्यापुढे आघाडीचा नाद सोडून बगलांवर काम करावे लागते, आणि 10,000 च्या वर गेलेली आग हवामान बदलेपर्यंत कोणाचेच ऐकत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता प्रारूपाकडे वळू. रिचर्ड रॉथरमेल यांचे 1972 चे समीकरण आजही बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे आणि आपणही तेच वापरत आहात. त्यामागची पार्श्वभूमी ठाऊक असली तर त्याच्या मर्यादा आपोआप कळतात. 5 ऑगस्ट 1949 रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत विमानातून उतरलेले अग्निशामक एका साध्या वाटणाऱ्या आगीकडे निघाले होते. आग दरीत त्यांच्या खालच्या बाजूला आली आणि ते वळून चढ चढू लागले; झाडी विरळ होऊन वाळलेले गवत सुरू झाले, तशी आग माणसाच्या धावण्याला मागे टाकू लागली. त्यांचे प्रमुख वॅग डॉज यांनी समोरचे गवत स्वतः पेटवले आणि त्या जळून गेलेल्या राखेत ते पालथे पडून राहिले. त्यांच्या सहकाऱ्यांना ही कृती कळलीच नाही. तेरा जण मरण पावले. डॉज आणि आणखी दोघे वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वणवा संशोधनाचे अग्रणी हॅरी गिसबोर्न हे त्या दरीची पाहणी करत असताना हृदयविकाराने तिथेच गेले. 1960 मध्ये मोंटानातीलच मिसूला येथे वणव्याची प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या पवनबोगद्यांत रॉथरमेल यांचे समीकरण घडले, आणि 1993 मध्ये त्यांनीच मान गल्चच्या शेवटच्या मिनिटांचा हिशेब मांडून ती शर्यत जिंकता येण्यासारखी नव्हती असे दाखवले.

पवनबोगद्यात इंधन एकसारखे पसरलेले असते, वारा ठरावीक असतो आणि आग स्थिर गतीला पोहोचलेली असते. समीकरण नेमके एवढेच गृहीत धरते: जमिनीलगतचे, सलग, बारीक इंधन. शेंड्यांतून धावणारी आग, उडणारे निखारे आणि धुमसणे या तिन्ही गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेव्हा नोंद दुप्पट आणि प्रारूप निम्मे असे आढळले, तर त्या दिवशी आग शेंड्यांत चढली होती का, हे सर्वांत आधी तपासावे. मिगेल क्रूझ आणि मार्टिन अलेक्झांडर यांनी 2010 मध्ये दाखवून दिले की जमिनीवरच्या आगीची आणि शेंड्यांच्या आगीची समीकरणे जोडून केलेल्या प्रणाली शेंड्यांच्या आगीची शक्यता सातत्याने कमी दाखवतात. झपाट्याने ताळा करायचा असेल तर त्याच दोघांचा 2019 चा ठोकताळा हाताशी ठेवा: कोरड्या परिस्थितीत झाडी व झुडपांतील आगीचा वेग मोकळ्यावर 10 मीटर उंचीवर मोजलेल्या वाऱ्याच्या सुमारे दहा टक्के असतो. वारा ताशी 40 किलोमीटर असेल तर आग ताशी चार किलोमीटर. हा नियम ओबडधोबड आहे, पण संगणकाने ताशी 400 मीटर असे उत्तर दिले तर कुठेतरी पाणी मुरते आहे एवढे तो नक्की सांगतो.

उलट प्रकारची चूक, म्हणजे प्रारूप जास्त वेग दाखवते ती, मी नवख्या संशोधकांच्या कामात अनेकदा पाहिली आहे, आणि ती जवळजवळ नेहमी वाऱ्याची असते. हवामान केंद्राचा वारा मोकळ्या जागेत, उंचावर मोजलेला असतो. रॉथरमेल यांच्या समीकरणाला मात्र ज्वाळांच्या मध्यावरचा वारा हवा असतो. उघड्या गवतात तो उंचावरील वाऱ्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, तर दाट झाडीखाली केवळ दहा टक्क्यांच्या आसपास भरतो. हा गुणक विसरला की जंगलातली रांगणारी आग कागदावर घोड्यासारखी दौडते.

चढाचा परिणाम आपल्या प्रारूपात असेलच. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन मॅकआर्थर यांचा ठोकताळा असा की साधारण वीस अंशांपर्यंत दर दहा अंश चढाला वेग दुप्पट होतो. चढावर ज्वाळा पुढच्या इंधनावर ओणवतात, हे त्याचे कारण. इथे संशोधनाने अलीकडे बदललेली एक समजूतही सांगतो. पुढचे इंधन लांबूनच ज्वाळेच्या प्रारणाने, म्हणजे किरणांतून येणाऱ्या उष्णतेने, तापते आणि मग पेटते, असे आम्हाला शिकवले गेले होते. 2015 मध्ये मार्क फिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गवताच्या काडीसारखे बारीक इंधन प्रारणाने तापते तितक्याच तत्परतेने भोवतालच्या हवेने थंडही होत असते. ते पेटते ते ज्वाळांच्या जिभा उसळ्या घेत पुढे येऊन त्याला प्रत्यक्ष चाटतात तेव्हा. म्हणूनच विरळ इंधनात आग कधी अडखळते आणि वाऱ्याची एक झुळूक आली की पटकन मधली मोकळी जागा ओलांडते.

सर्वांत जास्त काळजी मात्र ओलाव्याच्या आकड्याची घ्यावी, कारण त्यात एका टक्क्याची चूक वेगात मोठी दिसते. नमुना हवाबंद डब्यात आणून वजन करा, भट्टीत सुमारे 100 अंशांवर चोवीस तास वाळवा आणि पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅम पाचोळा वाळून 92 ग्रॅम भरला, तर ओलावा आठ टक्के नव्हे, 8.7 टक्के, कारण भागाकार कोरड्या वजनाने करायचा असतो. याच कारणाने हिरव्या पानांचा ओलावा शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकतो आणि त्यात काही चुकलेले नसते. पेन्सिलीपेक्षा बारीक काटकी तासाभरात हवेशी जुळवून घेते, तीन ते सात सेंटिमीटर जाडीच्या फांदीला सुमारे शंभर तास लागतात आणि त्याहून जाड ओंडक्याला हजार तास, म्हणजे दीड महिना. सकाळी सर आली आणि दुपारी गवत पुन्हा जळू लागले, तर नवल नाही. तेवढ्याशा सरीने ओंडका ओला झालेला नसतो आणि दुपारच्या उन्हाने वाळलेलाही नसतो. कॅनडाच्या वणवा-हवामान निर्देशांकात यासाठीच तीन वेगळे ओलावे मोजतात आणि त्यांतला सर्वांत खोलचा सुमारे 52 दिवसांच्या गतीने बदलतो. आर्द्रतेची टक्केवारीही एकटी पुरत नाही. वीस टक्के सापेक्ष आर्द्रता 30 अंशांवर असेल तर हवेची बाष्पतूट (हवेत अजून किती बाष्प मावू शकते याचे माप) 3.4 किलोपास्कल असते आणि तीच 40 अंशांवर 5.9 होते, टक्केवारी तीच, पण हवेची तहान पावणेदोन पट.

दुसरा प्रश्न जंगलाचा. जळालेल्या भागात गेल्यावर मी आधी झाडांकडे पाहत नाही, खुरपे घेऊन खाली बसतो. जिथे गवताची आग धावून गेली तिथे वर काळी राख असते, पण दोन सेंटिमीटर खाली गवताची मुळे पांढरी आणि ओलसर सापडतात. तिथून चार पावलांवर एखादा ओंडका रात्रभर जळत पडलेला असतो. त्याच्या जागी पांढरी भुरभुरीत राख, तिच्याखाली विटेसारखी तांबूस झालेली माती, आणि मुळांच्या जागी रिकामी भोके. दोन्ही जागा उपग्रहाच्या चित्रात ‘जळालेले क्षेत्र’ या एकाच रंगात येऊ शकतात. वनस्पतीच्या पेशी 60 अंशांना मिनिटभरात मरतात आणि कोरडी माती उष्णतेची वाईट वाहक असते, त्यामुळे खाली काय उरले हे ज्वाळेच्या उंचीपेक्षा मुक्कामावर ठरते. राख बाजूला सारून मातीवर पाण्याचा थेंब सोडून पाहा. काही ठिकाणी तो अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहतो, कारण जळालेल्या सेंद्रिय पदार्थांची मेणचट वाफ खालच्या थंड कणांवर थिजलेली असते. हा थर साधारण 200 अंशांच्या आसपास तयार होतो आणि 300 च्या जवळ नष्ट होतो, म्हणजे मध्यम तापलेली माती कधीकधी फार तापलेल्या मातीपेक्षा जास्त पाणी ढकलते, आणि पहिल्या जोरदार पावसात उतारावरून वाहते.

झाडाच्या बाबतीतही वेळच निर्णायक. सालीखालचा जिवंत थर मरायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: एक सेंटिमीटर साल सुमारे तीन मिनिटे तग धरते, दोन सेंटिमीटर साल बारा मिनिटे. पाँडेरोसा पाइन जाड सालीच्या जोरावर उभा राहतो, निलगिरीच्या अनेक जाती खोडात दडलेल्या कोंबांतून पुन्हा फुटतात, आणि लॉजपोल पाइन स्वतः मरतो पण राळेने बंद झालेली त्याची फळे आगीच्या उष्णतेने उघडून बी सांडते. धुराचाही वाटा आहे. धुराने बी रुजते हे दक्षिण आफ्रिकेत 1990 मध्ये दाखवले गेले आणि त्यामागचा रासायनिक घटक 2004 मध्ये ऑस्ट्रेलियात वेगळा केला गेला.

तरीही ‘या जंगलाला आग हवी असते’ हे वाक्य मला अर्धवट वाटते, कारण त्यात ‘किती वर्षांनी’ हे येत नाही. अमेरिकेतील यलोस्टोन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. 1988 मध्ये त्या राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे 36 टक्के भाग, म्हणजे तीन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र, आगीच्या कवेत आला, आणि उद्यान संपले असे तेव्हा लिहिले गेले. लॉजपोल पाइन दाट उगवून आला. शंभर-दोनशे वर्षांनी येणाऱ्या प्रखर आगीत जगण्याचीच त्याची रीत आहे. पण 2016 मध्ये त्या परिसरातील तरुण झाडीचा काही भाग पुन्हा जळला, तेव्हा मोनिका टर्नर आणि सहकाऱ्यांना नव्या रोपांची दाटी आधीच्या सुमारे एक षष्ठांश आढळली. झाड तेच होते आणि आगही प्रखरच होती. फक्त मधले अंतर 28 वर्षांवर आले होते आणि झाडांकडे बियांचा पुरेसा साठा नव्हता. आपण वाचलेले दोन्ही निबंध बरोबर असण्याची शक्यता यामुळेच आहे. दोन्हींत मागच्या आगीचे वर्ष शोधा. ते दिलेले नसेल तर निष्कर्ष जपून वापरा.

विझवावी की लावावी, याचे उत्तर यातूनच निघते. अमेरिकेत 1910 च्या भीषण आगींत सुमारे 12 लाख हेक्टर जंगल जळले आणि 85 च्या आसपास माणसे गेली. त्या धसक्यातून 1935 मध्ये प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणण्याचे धोरण आले आणि वनसेवेने ते 1978 मध्ये सोडले. ज्या पाँडेरोसाच्या जंगलांत पूर्वी दर काही वर्षांनी हलकी आग जात असे, तिथे या काळात खाली रोपांची आणि झुडपांची शिडी तयार झाली आणि जमिनीवरची आग शेंड्यांपर्यंत चढू लागली. हा धडा खरा आहे, पण तो त्या जंगलापुरता. यलोस्टोनच्या लॉजपोलमध्ये आगींमधले अंतर मुळातच शतकांचे होते, त्यामुळे काही दशकांच्या विझवण्याने तिथे फारसा फरक पडलेला नव्हता. एका जंगलाचे औषध दुसऱ्याला देणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक आहे.

हवामान आणि चढ आपल्या हातात नाहीत. हातात आहे ते इंधन आणि जाळण्याचा मोसम. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडमध्ये आदिवासी समुदाय कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, लहान लहान तुकडे जाळतात आणि त्यामुळे ऋतूच्या शेवटच्या प्रचंड आगींना वाट मिळत नाही. 2006 पासून त्यातून कमी होणाऱ्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा हिशेबही ठेवला जातो. मात्र जाळून कमी केलेले इंधन काही वर्षांत परत साठते. शिवाय टोकाच्या हवामानात त्याचा प्रभाव घटतो. 7 फेब्रुवारी 2009 रोजी ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यात 173 जणांचा बळी घेणाऱ्या आगींत निखारे मैलोन्मैल पुढे पडत होते, आणि संध्याकाळी वारा फिरताच लांबलचक बगलेचीच आघाडी झाली. घरांचा प्रश्न तर बराचसा जंगलाबाहेरचा आहे: कॅनडातील फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ 1997 ते 2000 दरम्यान मुद्दाम लावलेल्या शेंड्यांच्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या, तेव्हा 10 मीटरवरच्या काही पेटल्या, काही नुसत्या करपल्या, आणि 20 व 30 मीटरवरच्या पेटल्या नाहीत. अधिक दूरची घरे जळतात ती बहुधा छपरावर आणि भिंतीच्या बुडाशी पडलेल्या निखाऱ्यांनी, आणि तिथला कचरा काढायला वनखाते लागत नाही.

आग स्वतः लावायचीच असेल तर अर्धे काम ज्वाळा विझल्यानंतरचे असते. 2022 मध्ये न्यू मेक्सिकोत जानेवारीत जाळलेला लाकडांचा एक ढीग तीन हिमवर्षावांखाली धुमसत राहिला आणि एप्रिलमध्ये वाऱ्याने पुन्हा पेटला. दुसऱ्या एका नियंत्रित जाळण्यातून सुटलेल्या आगीला मिळून ती त्या राज्याच्या नोंदीतील सर्वांत मोठी आग झाली. ढिगावर बर्फ पडले म्हणजे तो विझला, असे कोणाला वाटले तर ते अस्वाभाविक नाही. म्हणून धूर दिसत नाही यावर न थांबता, हातमोजा काढून हाताची पाठ राखेजवळ नेत, मग तळहात राखेत घालून, ढिगाच्या बुडापर्यंत आणि मुळांच्या भोकांपर्यंत चाचपत जावे लागते. कुठेही ऊब लागली की खणायचे, माती आणि पाणी कालवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा हात घालायचा. आपल्या प्रायोगिक तुकड्यांच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना ठेवा: शेवटची ऊब कोणत्या दिवशी, किती खोलीवर लागली. प्रारूपाला तो आकडा लागत नाही, पण मुक्कामाची इतकी स्वस्त मोजणी दुसरी कुठली मिळणार नाही.